‘दादा’, ‘बॉस’ आणि काळी काच : गाडीची पुढची नंबरप्लेट बदलली तर कायदा काय सांगतो?

नवी गाडी घरी येते. आधी सीटकव्हर, मग म्युझिक सिस्टीम, मग अलॉय व्हील. पुढचा नंबर लागतो नंबरप्लेटचा. कंपनीची पांढरी पाटी ‘शोभत नाही’ म्हणून रेडियमवाल्याकडे जाऊन सोनेरी अक्षरांची प्लेट करून घेतली जाते. कोणी काळसर अॅक्रिलिकच्या मागे नंबर दडवतो. कोणी बंपर कोरा दिसावा म्हणून पुढची प्लेट काढून डॅशबोर्डवर ठेवतो. ‘मागे प्लेट आहे ना, मग पुढच्या प्लेटचं काय एवढं?’ हा प्रश्न अनेकांना मनापासून पडतो.

उत्तर एका वाक्यात सांगायचे तर, दिसण्यासाठी पुढच्या नंबरप्लेटमध्ये कोणताही बदल करता येत नाही. अक्षराची उंची किती, दोन अक्षरांत जागा किती, पाटीचा रंग कोणता, हे सगळे नियमात मिलीमीटरपर्यंत लिहिलेले आहे. पण नियम एवढा काटेकोर का आहे आणि तो मोडल्याची किंमत कोण मोजतो, हे ‘हजार-पाचशे भरून सुटू’ म्हणणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. मोठी किंमत बहुतेक वेळा गाडीमालक मोजतच नाही.

पुढची प्लेट खरंच सक्तीची आहे का?

हो. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ३९ सांगते की नोंदणी झालेली नसेल तर कोणतेही वाहन रस्त्यावर चालवता येणार नाही. हे वाक्य तिथे संपत नाही. नोंदणीचा क्रमांक ठरवून दिलेल्या पद्धतीने वाहनावर दिसला पाहिजे, हीसुद्धा त्याच कलमातील अट आहे. म्हणजे आरसी बुक खिशात आहे, कर भरलेला आहे, विमाही चालू आहे, पण क्रमांक नियमाप्रमाणे लावलेला नाही, तर कलम ३९ ची अट अपुरीच राहते.

‘ठरवून दिलेली पद्धत’ म्हणजे काय, ते केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ५० आणि ५१ मध्ये आहे. कारसाठी क्रमांक पुढे आणि मागे, दोन्हीकडे हवा.

समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंतील कोऱ्या बंपरच्या गाड्या पाहून अनेकांचा गोंधळ होतो. अमेरिकेतील काही राज्यांत खासगी कारला पुढची प्लेट लागत नाही. त्यामुळे तिथली गाडी तशी दिसते आणि ती तिथे कायदेशीरही असते. पुण्यात किंवा नागपुरात तीच नक्कल केली की तो गुन्हा ठरतो.

माप काय, अक्षर कसे, रंग कोणता?

कारच्या प्लेटचे माप ५०० बाय १२० मिलीमीटर किंवा ३४० बाय २०० मिलीमीटर. पहिली लांबट, दुसरी दोन ओळींची. कारच्या पुढच्या आणि मागच्या प्लेटवर अक्षरे आणि आकडे ६५ मिलीमीटर उंच, रेघेची जाडी १० मिलीमीटर आणि दोन अक्षरांमधील अंतर १० मिलीमीटर. दुचाकीसाठी मापे लहान आहेत, पण तीही ठरलेलीच आहेत.

रंगाचाही अर्थ असतो. खासगी पेट्रोल-डिझेल गाडीला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे. टॅक्सी, टेम्पो, ट्रक अशा व्यावसायिक वाहनांना पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे. इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी. ती खासगी असेल तर अक्षरे पांढरी, व्यावसायिक असेल तर पिवळी. म्हणून पेट्रोलच्या खासगी गाडीवर ‘डॅशिंग दिसते’ म्हणून काळी पाटी लावणे म्हणजे गाडीचा प्रकारच चुकीचा सांगणे.

मग नेमके काय चालत नाही?

रस्त्यावर रोज दिसणाऱ्या आणि नियमात न बसणाऱ्या काही गोष्टी :

- तिरकी, वळणदार, थ्रीडी किंवा सोनेरी-चंदेरी अक्षरे.
- एक आकडा मोठा आणि बाकीचे बारीक करून लिहिलेला नंबर.
- प्लेटवर नाव, आडनाव, देवाचे चित्र, पक्षाचे चिन्ह, ‘प्रेस’, ‘पोलीस’, ‘शासन’ असे शब्द.
- प्लेटवर बसवलेली काळसर किंवा रंगीत काच.
- क्रमांकाचा किंवा सुरक्षा खुणांचा भाग झाकणारी शोरूमच्या नावाची जाड फ्रेम.
- वाकवलेली, उलटी फिरणारी किंवा बटण दाबताच आत जाणारी प्लेट.
- प्लेट काढून बंपरवर किंवा बोनेटवर चिकटवलेला स्टिकर.
- डॅशबोर्डवर काचेमागे ठेवलेली प्लेट.

यात बुलबारचाही मुद्दा येतो. पुढच्या बंपरवर बसवलेले लोखंडी गार्ड बऱ्याचदा प्लेटच्या आडवे येतात. अशा गार्डवर कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. ते गार्ड प्लेट झाकत नसले तरी वाहनातील बेकायदा बदल म्हणून आक्षेपार्ह ठरते.

मराठी आकडे लावले तर?

महाराष्ट्रात हा भावनेचा विषय आहे. अनेक गाड्यांवर देवनागरीत ‘एमएच’ आणि मराठी आकडे अभिमानाने लिहिलेले दिसतात. नियम मात्र स्पष्ट आहे. नोंदणी क्रमांकातील अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच हवेत. नियमात त्यांना ‘अरबी आकडे’ म्हटले आहे, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो तेच.

हा नियम मराठीपुरता नाही. तमिळ, कन्नड, गुजराती, हिंदी, सगळ्याच भाषांना तो सारखा लागू आहे. कोल्हापूरची गाडी चेन्नईत अपघात करून पळाली, तर तिथल्या चहावाल्याला तिचा नंबर वाचता आला पाहिजे आणि तमिळनाडूची गाडी कोल्हापुरात पळाली तर इथल्या माणसालाही. भाषेचा अभिमान गाडीच्या मागच्या काचेवर खुशाल मिरवावा. नोंदणी क्रमांक ही त्याची जागा नाही.

चॉइस नंबर चालतो, मग ‘दादा’ का नाही?

आवडीचा क्रमांक घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे. आरटीओत शुल्क भरून तो राखून ठेवता येतो. ०००१ सारख्या क्रमांकासाठी महाराष्ट्रात लाखांच्या घरात शुल्क मोजावे लागते आणि लोक ते मोजतातही. तो शासनाच्या तिजोरीत जाणारा अधिकृत पैसा आहे.

गुन्हा सुरू होतो तो क्रमांक लिहिण्याच्या पद्धतीत. ८०५५ हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहिताना आठाचा ‘बी’, शून्याचा ‘ओ’ आणि पाचांचे ‘एस’ केले की ‘बॉस’ तयार होतो. ४१४१ मधील चार वाकवून वर रेघ ओढली की ‘दादा’. मालकाने पैसे भरून घेतलेला क्रमांक खराच असतो, पण रस्त्यावरच्या माणसाला तो वाचता येत नाही. लोकांना ‘दादा’ दिसतो आणि नंबर दिसत नाही. पोलिसांना नेमका नंबर हवा असतो.

एचएसआरपीने काय बदलले?

उच्च सुरक्षा नोंदणी प्लेट, म्हणजेच एचएसआरपीची तरतूद २००१ मध्ये नियमांत आली. राज्यांनी ती राबवायला बरीच वर्षे घेतली. मनिंदरजीत सिंग बिट्टा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदती घालून द्याव्या लागल्या. अखेर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ही प्लेट लावूनच ती विकण्याची पद्धत सुरू झाली. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०२५ मध्ये मोहीम हाती घेण्यात आली. तिची मुदत अनेकदा वाढवावी लागली.

ही प्लेट एक मिलीमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची असते. वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्र असलेला २० बाय २० मिलीमीटरचा क्रोमियम होलोग्राम. त्याखाली निळ्या रंगात देशाचे तीन अक्षरी संक्षिप्त नाव. डावीकडे खाली लेझरने कोरलेला त्या प्लेटचा स्वतःचा कायम क्रमांक. अक्षरे उठावदार आणि त्यांवरच्या पट्टीत ४५ अंशांत देशाचे नाव. प्लेट बसवताना वापरलेले लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडले की पुन्हा वापरता येत नाही.

चारचाकीच्या पुढच्या काचेवर आतून एक स्टिकर लागतो. नियमांच्या भाषेत ती ‘तिसरी नोंदणी प्लेट’. त्यावर नोंदणी क्रमांकासोबत इंजिन आणि चासी क्रमांकाचे तपशील असतात. तो काढायला गेले की फाटतो. पेट्रोल आणि सीएनजीसाठी त्याचा रंग फिकट निळा, डिझेलसाठी नारिंगी.

त्यामुळे जुन्या काळी प्लेट बदलणे हा फक्त रंगरंगोटीचा प्रश्न होता, आज तसा तो राहिलेला नाही. एचएसआरपी काढून रेडियमची प्लेट लावणे म्हणजे ओळखीची सरकारी साखळी तोडणे. होलोग्राम, लेझर क्रमांक आणि लॉक, तिन्ही एकाच वेळी निकामी होतात. अशी प्लेट बनवण्याची परवानगीही कोणालाही मिळत नाही. निर्मात्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. चौकातल्या रेडियम आर्टकडे ते नसते, त्याची प्लेट कितीही सुबक असली तरी.

कॅमेऱ्याला फॅन्सी प्लेट का वाचता येत नाही?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांवर आता नंबर वाचणारे कॅमेरे आहेत. त्यांचे काम साधारण चार टप्प्यांत चालते. आधी चित्रातून आयताकृती पाटी शोधायची. मग त्या पाटीवरचे एकेक अक्षर सुटे करायचे. मग प्रत्येक अक्षर ओळखायचे. शेवटी राज्याचे अक्षर, जिल्ह्याचा आकडा, मालिका आणि क्रमांक या साच्यात ते बसते का, ते तपासायचे.

प्लेटचा पृष्ठभाग असा असतो की त्यावर पडलेला प्रकाश जिथून आला त्याच दिशेने परत जातो. रात्री कॅमेरा आपला अवरक्त प्रकाश टाकतो. पांढरा भाग चमकतो, काळी अक्षरे प्रकाश परतवत नाहीत, म्हणून ती उठून दिसतात. आता अक्षरेच सोनेरी, आरशासारखी केली तर पाटी आणि अक्षर दोन्ही चमकतात आणि त्यांतला फरक पुसला जातो. काळी काच लावली तर प्रकाश जाताना आणि येताना, दोनदा अडतो. अक्षरे एकमेकांना चिकटवली तर दुसऱ्या टप्प्यावरच गाडी अडते, कारण कोणते अक्षर कुठे संपते हे संगणकाला कळत नाही. नियमातील १० मिलीमीटरचे अंतर इथे कामी येते.

माणसाच्या डोळ्यांचेही याहून वेगळे नाही. भरधाव गाडीचा नंबर बघायला रस्त्यावरच्या माणसाला जेमतेम दोन सेकंद मिळतात.

दंड किती?

कलम १७७ हे सर्वसाधारण दंडाचे कलम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत आणि पुढच्या गुन्ह्याला दीड हजार रुपयांपर्यंत दंड. जागेवर तडजोड म्हणून किती रक्कम घ्यायची ते राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते, त्यामुळे प्रत्यक्ष चलानावरचा आकडा वेगळा असू शकतो.

पण हा सगळ्यात सौम्य मार्ग आहे. कलम ३९ चा भंग मानून कलम १९२ लावले, तर पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड होतो. पुन्हा तेच केले तर पाच ते दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुलबारसारख्या बेकायदा बदलासाठी कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आणि गाडीवर दुसऱ्याचाच क्रमांक लावला असेल, तर प्रकरण वाहतूक नियमांपुरते राहत नाही. फसवणूक आणि बनावटीकरणाची फौजदारी कलमे लागू शकतात.

नंबर वाचता आला नाही तर नुकसान कोणाचे?

आता मूळ प्रश्न. समजा, ३५ वर्षांचा एक माणूस आहे. रिक्षा चालवून महिन्याला २० हजार रुपये कमावतो. घरी पत्नी आणि दोन लहान मुले. रात्री रस्ता ओलांडताना एक कार त्याला उडवते आणि निघून जाते. त्याचा जागीच मृत्यू होतो.

कारचा नंबर मिळाला, तर कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकते. भरपाई मोजण्याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ठरलेले आहे. वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसासाठी भविष्यातील वाढ ४० टक्के धरली, की ३ लाख ३६ हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला, की २ लाख २४ हजार. ३१ ते ३५ या वयोगटासाठी १६ ने गुणायचे. उत्तर येते ३५ लाख ८४ हजार रुपये. अंत्यविधी आणि इतर बाबींची रक्कम वेगळी. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर हे पैसे विमा कंपनी देते.

कारचा नंबर मिळालाच नाही, तर कायद्याच्या भाषेत तो ‘हिट अँड रन’. ‘योग्य ते प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटू शकली नाही’ असा अपघात, अशी कलम १६१ मधील व्याख्या आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे अशा मृत्यूसाठी कुटुंबाला मिळतात दोन लाख रुपये. गंभीर जखमीला पन्नास हजार.

तोच माणूस, तोच रस्ता, तेच कुटुंब. ३५ लाख ८४ हजार आणि दोन लाख यांच्यामधला फरक केवळ एका पाटीवरची अक्षरे वाचता आली की नाही, यावर ठरू शकतो. प्रत्येक पळून गेलेल्या गाडीची प्लेट फॅन्सी नसते, हे खरे. सीसीटीव्ही, काचेचे तुकडे, टोलनाका अशा इतर वाटांनीही पोलीस गाडीपर्यंत पोहोचतात. पण पहिला आणि सगळ्यात स्वस्त पुरावा नंबरच असतो. मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हिट अँड रनचे ६७ हजारांहून अधिक अपघात नोंदले गेले आणि त्यांत ३० हजारांहून अधिक माणसे गेली. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना सांगावे लागले की पीडितांच्या घरच्यांना निदान या दोन लाखांच्या योजनेची माहिती तरी द्या.

‘गाडी माझी, पैसा माझा, प्लेट माझ्या आवडीची’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. सीटकव्हर मालकासाठी असते, अलॉय व्हीलही मालकासाठी असते. नंबरप्लेट हा गाडीचा एकमेव भाग असा आहे जो मालकासाठी बनवलेलाच नाही. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे.

आणि तुमचाच नंबर दुसऱ्याच्या गाडीवर निघाला तर?

साध्या प्लेटचा फायदा मालकालाही आहे. दुसऱ्या शहरातील, कधी न गेलेल्या रस्त्यावरचे ई-चलान मोबाइलवर येते तेव्हा दोन शक्यता असतात. कॅमेऱ्याने कोणाचा तरी वेडावाकडा नंबर चुकीचा वाचला किंवा कोणीतरी तुमचाच नंबर आपल्या गाडीवर लावला. अशा वेळी चलानातील फोटो नीट पाहावा. गाडीचे मॉडेल, रंग, प्लेटचा प्रकार, होलोग्राम आहे की नाही, हे तपासावे आणि महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवावी. प्रकार वारंवार घडत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. आपल्या गाडीवर लेझर क्रमांकाची खरी एचएसआरपी असेल तर ‘ती गाडी माझी नाही’ हे दाखवणे सोपे जाते. आपणही रेडियमची प्लेट लावून फिरत असू, तर तो आधार आपणच घालवलेला असतो.

नंबर न लावता नवी गाडी फिरवणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. नोंदणी क्रमांक लावल्याशिवाय विक्रेत्याने नवी गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये, अशी आता कायद्यात तरतूद आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले होते. तात्पुरती नोंदणी संपलेली असताना गाडी बाहेरगावी नेली आणि ती तिथे चोरीला गेली. वैध नोंदणी नसताना गाडी वापरणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असे सांगून न्यायालयाने विम्याचा दावा नाकारला. तो निकाल नोंदणीबद्दल होता, प्लेटच्या रंगरूपाबद्दल नव्हता. पण ‘आठवड्याभराने लावू नंबर’ म्हणणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

कारवाईत कुठे कमी पडते?

नियम नागरिकाने पाळायचा असतो, तसा तो सरकारनेही सारख्या हाताने लावायचा असतो. इथे प्रश्न उरतात.

पहिला, कारवाई होते ती बहुतेक गाडीवाल्यावर. बेकायदा सायलेन्सर पकडले की पोलीस त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, त्याचे फोटो छापून येतात. पण आरसी न पाहता कोणताही नंबर कापून देणारे दुकान आणि फिरत्या प्लेटचे किट विकणारी ऑनलाइन बाजारपेठ यांच्यापर्यंत हात क्वचितच पोहोचतो. बनावट प्लेट तयार होण्याची जागा बंद केली तर चौकातील अर्धे काम वाचेल.

दुसरा, कॉलेजच्या पोराची ‘दादा’ प्लेट लगेच दिसते. चिखलाने लडबडलेली डंपरची प्लेट, पक्षाच्या झेंड्याआड गेलेला नंबर, शासकीय पाटीमागे लपलेला क्रमांक मात्र दिसत नाही. पादचाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्या सारख्याच न वाचता येणाऱ्या प्लेट आहेत. किंबहुना जड वाहनाची न दिसणारी प्लेट जास्त घातक.

तिसरा, एचएसआरपी बसवण्याची सोय. जुन्या दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी ४५०, तीनचाकीसाठी ५०० आणि कारसाठी ७४५ रुपये, अधिक जीएसटी, असे महाराष्ट्रातील दर ठरवण्यात आले. रक्कम फार मोठी नाही. पण ऑनलाइन नोंदणी, मिळालेली तारीख आणि तालुक्याहून केंद्रापर्यंतची फेरी, यात मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो. पुन्हा पुन्हा मुदत वाढवल्याने ‘आज ना उद्या परत वाढेल’ हा समजही पक्का झाला. मुदत वाढवण्यापेक्षा केंद्रे गावाजवळ नेणे हा अधिक प्रामाणिक उपाय आहे.

यांतील एकही मुद्दा फॅन्सी प्लेटचे समर्थन करत नाही. पण दंडाचा धाक सर्वांना सारखा वाटला तरच तो टिकतो.

गाडीमालकाने आता काय करावे?

- गाडीभोवती एक फेरी मारावी. पुढची आणि मागची, दोन्ही प्लेट साधारण दहा पावलांवरून सहज वाचता येतात का, ते पाहावे.
- काळी काच, स्टिकर, होलोग्राम झाकणारी फ्रेम काढून टाकावी.
- पुढची प्लेट डिकीत पडून असेल तर घरी स्क्रू मारून वेळ भागवू नये. अधिकृत केंद्रावर किंवा विक्रेत्याकडे जाऊन ती नियमाप्रमाणे बसवून घ्यावी.
- बंपर फुटून प्लेट खराब झाली तर तिच्या जागी नवी एचएसआरपीच मागवावी. प्लेट हरवली किंवा चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी, कारण तो क्रमांक कोणाच्या हाती लागला हे कळत नाही.
- एचएसआरपीची नोंदणी राज्याच्या परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. त्याच्यासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळे आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंक यांवर पैसे भरू नयेत.
- जुनी गाडी विकत घेताना प्लेटवरचा लेझर क्रमांक, काचेवरचा स्टिकर आणि आरसीवरचे इंजिन-चासी क्रमांक जुळतात का, ते पाहावे.

आवडीचा नंबर हवा असेल तर आरटीओत पैसे भरून तो घ्यावा. ८०५५ घ्यावा, ४१४१ घ्यावा, ०००१ परवडत असेल तर तोही घ्यावा. फक्त तो ६५ मिलीमीटर उंचीच्या, सरळ, काळ्या आकड्यांत लिहिलेला असावा. ‘बॉस’ आहे की नाही ते ओळखीच्यांना तसेही कळते. अनोळखी माणसाला मात्र नंबर वाचता आला पाहिजे.